आभाळवाडीचा डबा

देऊळगाव राजा,
१४ जुलै २०२५

चि. प्रतीक्षा,

फोनवर मी चार ओळी लिहिते आणि तू एक अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. याला तरी अंगठ्याने उत्तर देता येणार नाही.

मला तुझा हेवा वाटत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझी 'आभाळवाडी' आम्ही पहिल्या भागापासून पाहतो. सासूबाईंनी तिच्यासाठी जेवणाची वेळ बदलली. विहिरीत आभाळातला डबा सापडला, झाकण काही केल्या उघडेना, पांढऱ्या जीपमधून साहेब लोक आले, सरपंच त्यांना सामील झाला, परग्रहावरचे पाहुणे एकेका माणसाच्या अंगात शिरले. सगळी गल्ली श्वास रोखून बसली होती. आणि आता? महिना झाला, पाहुणे गायब, जीप गायब, डबा गायब. सरपंचाच्या घरी दुसरी सून आली आहे आणि ती रोज नवी साडी नेसून रडते. ज्या मास्तरच्या अंगात पाहुणा होता तो परवा सत्यनारायणाचा प्रसाद वाटत होता. त्याच्या मानेवरचा निळा डाग कुठे गेला गं?

हे सगळं लोक मला विचारतात, कारण मी लेखिकेची चुलत बहीण. आमच्या दुकानात वही घ्यायला आलेली बाईसुद्धा आधी डब्याचं विचारते. सासूबाई तर रोज. "एवढं दाखवलं अन् आता डब्याचं नावच नाही. असं कुठं असतं का? तुह्या बहिणीला इचार की."

आणखी एक. ती विहीर, तो डबा आणि ते पाहुणे माहेरी, वरवट बकालला, आपल्या ओट्यावर जन्मले. भुलाबाईची गाणी झाली की मी गोष्ट सांगायचे आणि तू माझ्या मांडीला टेकून ऐकायचीस. मालिकेच्या सुरुवातीला तुझं नाव येतं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. काही ना काही काम असतंच तिकडे.

बाकी सगळे मजेत.

अनुताई


मुंबई,
२९ जुलै

प्रिय अनुताई,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, म्हणून उशीर.

टीआरपीचे आकडे पडले, बाकी काही नाही. वाहिनीचा माणूस मीटिंगला आला, म्हणाला, "पाहुणे काढा, सून आणा." तेव्हा चहा सांगितलेला होता. चहा येईपर्यंत पाहुणे गेले होते. इथे गोष्ट मारली असं कोणी म्हणत नाही, 'तो ट्रॅक तूर्तास बाजूला' म्हणतात. डाग रोज रंगवायचा ताप गेला म्हणून मेकअपवाला तेवढा खूश होता.

विहीर आणि डबा तुझा, मान्य. पण जीप आणि सरपंच माझे. तुझ्या गोष्टीत कट नव्हताच, नुसते पाहुणे यायचे आणि अंगणात बसायचे.

आता कामाचं. तुमच्या गल्लीसारख्या पुष्कळ गल्ल्या चिडल्या आहेत. वाहिनीने ठरवलंय की मालिका दिवाळीनंतर संपवायची आणि शेवटच्या तासाभराच्या भागात डबा उघडायचा. आम्ही पाच जण लिहितो. जो पटेल असा शेवट आणेल त्याने तो भाग एकट्याने लिहायचा, आणि पुढची मालिकाही त्याचीच. ताई, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांची शिलाई करते आहे. हे मला मिळायलाच हवं.

आणि डब्यात काय आहे ते मला माहीत नाही. वाहिनीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा मी ठामपणे म्हटलं, योग्य वेळी सांगेन. मला वाटलं, तुला ठाऊक आहेच. तू दरवर्षी म्हणायचीस, कोजागिरीला डबा उघडू, आणि कोजागिरीला मी नेमकी झोपून जायचे. सकाळी विचारलं की तू म्हणायचीस, झोपणाऱ्याला सांगत नसतात.

आता जागी आहे. सांग ना.

तुझी,
प्रतीक्षा


देऊळगाव राजा,
१२ ऑगस्ट

चि. प्रतीक्षा,

डब्यात काय आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. वाटतो मला हेवा. चांगला पोटात दुखेपर्यंत वाटतो. मागच्या वर्षी शाळेत तुझा सत्कार झाला. उकंडरावकाका माइकवर म्हणाले, "आमच्या घरात अशी पोरगी जलमली, अजून काय पाह्यजे मले?" बाप आहेत तुझे, म्हणणारच. शाल आणि नारळ ज्या तबकात होते ते तबक माझ्या हातात होतं. तू शाल घेतलीस, फोटो झाले, भाषण सुरू झालं आणि मी ते रिकामं तबक धरून स्टेजवर तशीच उभी, कारण ते कुठे ठेवायचं हे कोणी सांगितलं नाही. आपल्या घरात पोरी दोन जन्मल्या होत्या, प्रतीक्षा.

दोघीही घर सोडूनच निघालो. तू गेलीस त्याला लोक हिंमत म्हणतात, मी गेले त्याला लग्न. मला सासर वाईट मिळालं नाही, अविनाश भला माणूस आहे, दुकान चालतं. पण दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी पाटीवरच्या पेन्सिली रंगाप्रमाणे लावते आणि मनात म्हणते, ती आत्ता माझीच विहीर लिहीत असेल.

तेव्हा अट ऐक. त्या भागाला माझं नाव पडद्यावर आलं पाहिजे, तुझ्या नावाच्या आधी. तेवढं कर, मग डबा उघडते. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

अनुताई


मुंबई,
२६ ऑगस्ट

अनुताई,

विचारलं. बाहेरच्या माणसाचं नाव देता येत नाही म्हणाले. 'विशेष आभार' मध्ये बसवू म्हणतात, शेवटी साड्या आणि दागिने कुणाचे ते येतं ना, त्याच्या खाली.

मी एवढंच करू शकते. तुला वाटतं मी इथे राणीसारखी लिहिते. मी लिहिते, मग चौघं जण ते खोडतात, मग नटी म्हणते हे माझ्या तोंडी शोभत नाही. तू म्हणतेस ते नाव मी स्वतःसुद्धा घाईत बघते, कारण ते लगेच जातं.

ताई, दहा ऑक्टोबरला मला लिहून द्यायचं आहे. तुझ्याजवळ असून तू देत नाहीस याचा मला राग येतो, हे लपवत नाही.

प्रतीक्षा


देऊळगाव राजा,
१४ सप्टेंबर

चि. प्रतीक्षा,

साड्या आणि दागिन्यांच्या खाली माझं नाव? राहू दे तुझ्याकडेच.

इकडची बातमी वेगळी आहे. भुलाबाई बसली, आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी. या गल्लीत ही रीत नव्हती, माझं लग्न झाल्यावर मीच सुरू केली आणि आता दहा घरच्या पोरी येतात. गाणी होतात, मग खिरापतीचा डबा हलवायचा, गोड की तिखट, कुटलेलं की तळलेलं, ओळखता ओळखता पोरी घाईला येतात. परवा मी मुरमुऱ्यांत कापूस घालून आवाजच मारला. शेवटी 'हरलो' म्हणाल्या, तेव्हा उघडला.

तर खिरापत खाता खाता महामाया नावाची पोरगी म्हणाली, "काकू, टीव्हीतल्या डब्याची गोष्ट तुम्ही सांगा. त्यायनं सोडून देली." मी सुरू केली. रोज एक तुकडा सांगते. मास्तरच्या मानेवरचा डाग परत आणला. जीप तुझी, म्हणून घेतली नाही, साहेबांना बैलगाडीत बसवलं. आता पोरींच्या आयाही येऊन बसतात. सासूबाईंनी खुर्ची बाहेर काढायला लावली. अविनाश रोज दुकान लवकर बंद करतो आणि हरवलेली किल्ली शोधल्यासारखं करत दारात उभा राहतो.

कोजागिरीला डबा उघडणार. सगळ्यांना शब्द दिलाय. तुमच्या पडद्याआधी आमच्या गल्लीत उघडेल, आणि इथे कोणी सून आणा म्हणणार नाही.

अनुताई


मुंबई,
२० सप्टेंबर

अनुताई,

तुझं पत्र वाचलं आणि मी जेवले नाही.

सरळच लिहिते. तुला माझ्या नावाचा हेवा वाटतो ना? मला त्या पोरींचा वाटतो. मी लिहिते तेव्हा समोर भिंत असते. तुझ्यासमोर त्या मांडी घालून बसतात आणि तू थांबलीस की "मंग?" म्हणतात. मला "मंग?" कोणी म्हणून किती वर्षं झाली. इथे 'नेक्स्ट' म्हणतात. सोडून दिलेल्या गोष्टीला तू नुसतं बोट लावलंस आणि ती उठून बसली, आणि आम्ही पाच जण महिनाभर तिच्याभोवती फिरतोय.

मी कोजागिरीला येते. मागे बसेन, ऐकेन. मग ते मला द्यायचं की नाही, तू ठरव.

प्रतीक्षा


देऊळगाव राजा,
२७ सप्टेंबर

प्रतीक्षा,

येऊ नकोस.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. दात-ओठ खाऊन लिहिते आहे, म्हणून मध्येच हसू नकोस. डब्यात काय आहे ते मला माहीत नाही. कधीच नव्हतं. कोजागिरीला तू झोपायचीस, मग मी बाकीच्या पोरींना म्हणायचे, धाकटी झोपली, तिच्याशिवाय कसं सांगायचं, आता पुढच्या वर्षी. दरवर्षी तेच. तू झोपायचीस म्हणून मी वाचायचे.

यंदा कोणी झोपणार नाही. सासूबाई दुपारीच झोप काढून घेणार आहेत, तसं त्यांनी जाहीर केलंय. आज एक बाई चिखलीहून आपल्या बहिणीला घेऊन आली, गोष्टीसाठी. खिरापतीत मी कधी कोणाला हरवायची सोडली नाही, पण तिथे डबा मी भरलेला असतो. इथे न भरलेलाच डबा हलवत बसले.

तू लेखिका आहेस. तुझ्याजवळ एखादा शेवट असेल तर पाठव. पोस्टाने पाठव. स्वतः येऊ नकोस. मी तुझ्याकडे मागितलं हे तुझ्या डोळ्यांत बघवणार नाही.

अनुताई


मुंबई,
८ ऑक्टोबर

प्रिय अनुताई,

आले होतेच ते तू पाहिलंस. पोस्टाने पोचलं नसतं, म्हणून शेवट पर्समध्ये घालून निघाले. जालन्याहून बस उशिरा मिळाली. मी पोचले तेव्हा गोष्ट सुरू झाली होती, म्हणून पुढे न येता तुझ्या सासूबाईंच्या, सत्यभामाबाईंच्या खुर्चीमागे बसले. त्या कुजबुजल्या, "आलीस? बस. आता बोलू नको."

मग तू मला पाहिलंस. तुझा चेहरा कसा झाला ते मला कळलं. तबक हातात धरून तू उभी होतीस ना, त्या दिवशीच्या फोटोत कडेला तो चेहरा आहे. मला वाटलं, आता ही थांबणार, आणि मी पर्सला हात घातला. पण तू माझ्याकडेच बघत बोलायला लागलीस, हिला दाखवतेच अशा थाटात.

तू म्हणालीस, डबा आभाळातून पडलाच नव्हता. तो पाठवलेला होता, भरून, फार वर्षांपूर्वी, वाईट साल होतं तेव्हा. गावाने पोटभर खाल्लं, डबा घासून ठेवला आणि विसरून गेलं. आता पाहुणे तो न्यायला आलेत. ते मागायला लाजतात, म्हणून मास्तरच्या अंगात शिरून नुसतेच वाट बघत बसतात. आणि गाव द्यायला लाजतं, कारण दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करायचा? इतकं मोठं ज्यांनी पाठवलं त्यांना घालून काय द्यायचं, हे कोणाला सुचत नाही. म्हणून सरपंचाने तो विहिरीत लपवला, म्हणून साहेब लोक झाकण उघडत नाही असं सांगत फिरतात. सगळा कट एवढ्यासाठीच. डब्यात काही नाही, हेच लपवायचं होतं.

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "बराबर हाय. साखरेचे चार दाणे तरी घालावे लागतात." आणि महामायाने विचारलं, "मंग काय घातलं त्यायनं?" तू म्हणालीस, तुम्ही सांगा. तेव्हा जो गलका झाला, ज्वारी म्हणे, आरसा म्हणे, भुलाबाईचा नवरा भुलोजीच घाला म्हणे, त्यात दूध उतू गेलं आणि कोणाचं लक्ष नव्हतं.

मी पर्स उघडली नाही. माझ्या शेवटात डब्यात बॉम्ब होता.

सकाळी चहा न घेता निघाले कारण माझ्याने तुझ्याकडे बघवेना. तुला वाटलं, मी पळवून न्यायच्या घाईत आहे. ते तुझ्या तोंडावर दिसलं.

प्रतीक्षा


देऊळगाव राजा,
२८ ऑक्टोबर

प्रतीक्षा,

रविवारी शेवटचा भाग झाला. आमच्या घरी सगळी गल्ली होती. मी दिवाळीची साडी नेसले होते. तू चोरलेली गोष्ट बघायची आणि मग तुला असं पत्र लिहायचं की जन्मात विसरणार नाहीस, असं ठरवलं होतं. पत्र मनात तयार होतं. त्यात 'आयत्या बिळावर नागोबा' दोनदा होतं.

आणि काय दाखवलंस? सरपंच झोपेतून उठतो, पाहुणे वगैरे सगळं त्याचं स्वप्न होतं म्हणे. दोन्ही सुना गळ्यात पडतात. डबा माळ्यावरच्या भांड्यांत असतो आणि त्यात थोरलीचं मंगळसूत्र सापडतं. गल्ली उठून गेली. महामाया जाताना म्हणाली, "काकू, आपलाच खरा होता ना?"

मी रात्रभर विचार केला की मला राग कशाचा आलाय. राग याचा आला की तू घेतलं नाहीस. इतकं ऐकलंस, इतकं कौतुक लिहिलंस, आणि घ्यायच्या वेळी मंगळसूत्र घेतलंस. माझी गोष्ट चोरायच्याही लायकीची नव्हती का गं? सत्काराला मला तबक दिलंत, तसंच पत्रात कौतुक दिलंस. मला वाटलं होतं एकदा तरी माझं काहीतरी घरोघरी दिसेल, मग वर नाव कोणाचंही असो. आता कळलं, नावाचंही मला एवढं नव्हतं.

अनुताई


मुंबई,
६ नोव्हेंबर

अनुताई,

घेतलं होतं. परतीच्या प्रवासात सगळं लिहून काढलं, तुझ्याच शब्दांत. पहिल्या पानावर वर गोष्टीचं नाव आणि खाली फक्त तुझं नाव, माझं कुठेच नाही. दिलं नेऊन. आमचे मोठे लेखक वाचत होते तेव्हा मी समोर उभी होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, वर्षभरात हे एक आलं. मग पहिलं पान उलटून विचारलं, ही कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, बाहेरच्या बाईची कागदपत्रं करायला आता वेळ नाही, तुझं नाव टाक आणि पुढची मालिकाही घे.

मी कागद परत घेतले. त्या दुपारी बाकी चौघांनी मिळून ते मंगळसूत्र लिहिलं. त्या भागाला माझं नाव नव्हतं, तू स्वयंपाकघरात गेली असशील म्हणून दिसलं नसेल. पुढची मालिका दुसऱ्याला गेली. मी सध्या घरीच आहे.

याला त्याग समजू नकोस, तसं म्हणालीस तर मला अपमान वाटेल. त्या पानावर तुझं नाव खोडून माझं लिहायला पेन घेतलं होतं मी. लिहवलं नाही. लोक जन्मभर म्हणाले असते, प्रतीक्षाने काय शेवट लिहिला, आणि प्रत्येक वेळी मला ती गल्ली दिसली असती आणि त्यात बोलणारी तू. तेवढा हेवा मला सोसला नसता. चांगुलपणा नाही यात काही.

प्रतीक्षा


देऊळगाव राजा,
१५ नोव्हेंबर

प्रतीक्षा,

मूर्ख आहेस. तेलही गेलं, तूपही गेलं. टाकायचं होतंस तुझं नाव. मी चार दिवस फणफणले असते, पाचव्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवलं असतं की ते माझंच आहे, आणि कोणीही विश्वास ठेवला नसता, आणि त्या जळण्यातही मला बरं वाटलं असतं. आता कोणाकडे बघून जळू?

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी शेजारच्या बायकांनी पुन्हा मंगळसूत्राचा विषय काढला. एक म्हणाली, लेहणारीला डोकं नव्हतं. मी तिच्याशी अशी भांडले की अविनाश दुकानातून धावत आला. सासूबाई म्हणाल्या, "तूच तर शिव्या देत व्हतीस तिला, आता काय झालं?" मी आत जाऊन पिठात पाणी जास्त घातलं.

घरी बसून काय करतेस? ये इकडे थोडे दिवस. काम मिळेल तेव्हा मिळेल. पोरी तुझं विचारतात, मागे बसली होती ती कोण म्हणून. मी सांगितलं, माझी बहीण आहे, लेखिका.

एक मागते. ते पहिलं पान, ज्यावर माझं एकटीचं नाव आहे, ते तुझ्याजवळ असेल तर घेऊन ये. नुसतं पहिलं. पुढची गोष्ट मला पाठ आहे. फाडून टाकलं असशील तर तसं सांगू नकोस. बसमध्ये राहिलं म्हण.

अनुताई